हिरोची पॉवर कुठं गेली ते तरी सांगा : विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना चोपड्याहून खुलं पत्र

मराठीत मुलांसाठी विज्ञानकथा, कॉमिक, मालिका, वेबसिरीज लिहिणाऱ्या सगळ्या ताई-दादांना आणि ते छापणाऱ्या, दाखवणाऱ्या संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. वर्गाच्या मागच्या खिडकीतून सातपुडा दिसतो, पुढच्या बाजूला केळीच्या बागा, निम्म्या पोरांचे आईबाप केळीत नाहीतर कपाशीत कामाला. शनिवारी सकाळची शाळा असते आणि शेवटच्या तासाला मी पोरांना गोष्ट वाचून दाखवते, हे गेली नऊ-दहा वर्षं चालू आहे. यंदा एका मासिकात मुलांसाठी क्रमशः विज्ञान कादंबरी येतेय, मासिकाचं आणि लेखकाचं नाव घेत नाही कारण माझं त्यांच्या एकट्याशी काही भांडण नाहीये, तक्रार आहे आणि ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना लागू आहे म्हणून जाहीर लिहितेय.

तर त्या कादंबरीतला हिरो म्हणजे आठवीतला एक पोरगा. प्रयोगशाळेत काहीतरी अपघात होतो आणि त्याला एक-एक किलोमीटरवरचं ऐकू यायला लागतं. पहिल्या भागात कोरड्या विहिरीत पडलेल्या लहान पोराचं रडणं हा गावाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकतो आणि धावत सुटतो. दुसऱ्या भागात भिंतीतली वाळवी ऐकतो, तिसऱ्यात समोरच्याच्या छातीचे ठोके ऐकून तो खोटं बोलतोय हे ओळखतो. माझा वर्ग वेडा झाला होता हो, मधल्या सुट्टीत पोरं भिंतीला कान लावून उभी राहायची, एकाने तर केळीच्या खोडाला कान लावला आणि आत पाणी चढताना ऐकू येतं म्हणून शपथ घेऊन सांगितलं.

मग सहा-सात भागांनंतर हळूहळू ते कान कमीच झाले. म्हणजे कमी झाले असं कुठं लिहिलेलं नाही, नुसतं त्याबद्दल काही येईनाच. हिरो सायकलवर पाठलाग करतो, कोडी सोडवतो, मित्राशी भांडतो, सगळं आहे, पण ऐकत काही नाही. आणि अकराव्या भागात खलनायकाची जीप झोपडीच्या मागे येऊन थांबते, चार माणसं उतरतात, दार तोडतात आणि आपला हिरो दचकतो.

वाचताना माझाच आवाज अडकला. वर्ग शांत. मग तिसऱ्या बाकावरची एक पोरगी, एरवी वर्गात शुद्ध मराठीतच बोलायची तिची धडपड असते, ती एकदम अहिराणीत बोलून गेली, "मॅडम, त्यानी पावर कथा गई?"

त्याची पॉवर कुठं गेली. मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, लेखक विसरले असतील बेटा. तर तिने दप्तरातून गणिताची वही काढली आणि मागची दोन पानं उघडून माझ्यासमोर धरली. पट्टीने रेघा मारून तीन रकाने केलेले. भाग, शक्ती, आणि तिसऱ्या रकान्यात एकतर 'वा' नाहीतर 'वि'. वा म्हणजे वापरली आणि वि म्हणजे विसरला. पहिले पाच भाग वा, वा, वा. सहाव्यात वा आहे पण शेजारी लहान अक्षरात 'थोडी'. सातव्यापासून वि. अकराव्या भागासमोर तिने ते वि पेनाने इतकं गिरवलंय की कागद फाटायचा बाकी राहिलाय. ही पोरगी कुणी सांगितलं म्हणून करत नव्हती, तिला काळजी होती त्याची. तिला वाटत होतं या पोराला काहीतरी होतंय आणि ते कुणी बघतच नाहीये.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जाईना म्हणून मी जरा शोधायला बसले की असं का होतं, आणि लक्षात आलं की हा आजार फक्त आपल्याकडचा नाही, सगळीकडचा आहे आणि त्याची कारणंही चक्क समजण्यासारखी आहेत.

माझ्या मामेभावाने मला एकदा पेन ड्राइव्हवर स्टार ट्रेकची एक मालिका भरून दिली होती, द नेक्स्ट जनरेशन, 1987 ते 1994, सात सीझन, 178 एपिसोड. त्यात डियाना ट्रॉय नावाची बाई अंतराळयानावर समुपदेशक आहे, अर्धी माणूस आणि अर्धी बेटाझॉइड नावाच्या परग्रहावरच्या जमातीतली. तिला समोरच्याच्या मनातल्या भावना कळतात. पहिल्याच एपिसोडमध्ये एका अडकलेल्या जिवाचं दुःख तिला इतकं लागतं की ती कळवळते, आणि त्या सगळ्या प्रकरणाचा उलगडा होण्यात तिच्या त्या जाणिवेचा मोठा वाटा आहे. बघताना वाटतं आता ही बाई काय काय करेल. पण पुढं पुढं कॅप्टनसाहेब विचारतात समुपदेशक काय वाटतं, आणि ती सांगते तो काहीतरी लपवतोय, जे आपल्याला त्याच्या तोंडावरूनच दिसत असतं, आणि बरेच एपिसोड तर तेवढंही नाही.

आता विचार करा की लेखकाच्या जागी तुम्ही आहात. समोर शत्रूचं जहाज, पडद्यावर त्यांचा प्रमुख गोडगोड बोलतोय. ट्रॉयबाईंना कळलं की हा खोटारडा आहे, तर गोष्ट पाचव्या मिनिटाला संपते आणि तुम्हाला तर पाऊण तास भरायचाय. मग काय करणार? एकतर समोरची जमातच अशी काढा की तिच्यावर ही शक्ती चालत नाही, आणि खरंच तसं केलंय, फेरेंगी नावाचे व्यापारी लोक आहेत त्यात, त्यांचं मन बेटाझॉइडना वाचता येत नाही. नाहीतर तिला त्या प्रसंगातून बाहेर ठेवा. नाहीतर तिच्या तोंडी असं मोघम वाक्य द्या की त्याने काहीच फुटणार नाही. तिन्ही केलं की शक्ती आपोआप झिजते. त्यात अशा मालिकेला एक लेखक नसतो, दहा हात लागतात, एकाने दिलेली पॉवर दुसऱ्याला अडचण वाटते. आणि यानावर बाकी पण लोक आहेत ना, एकीनेच सगळं ओळखलं तर बाकीच्यांनी काय नुसतं उभं राहायचं?

आणखी एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून जाणवली, भावना कळणं ही शक्ती दिसत नाही. कुणी जीप उचलली तर डोळ्यांना दिसतं, पण कुणाला काही जाणवलं तर ते तिला बोलूनच दाखवावं लागतं, आणि तेच तेच बोलणं चार एपिसोडनंतर कंटाळवाणं होतं. ऐकण्याचंही तसंच आहे. म्हणजे आमच्या मासिकातल्या पोराचं जे झालं ते याच रस्त्याने झालं असणार. त्याला सगळं आधीच ऐकू आलं तर जीप दाराशी येऊच शकत नाही, आणि जीप आली नाही तर अकरावा भाग कसा लिहिणार. हे मला कळतं. मी लेखकाला आळशी म्हणत नाहीये.

पण त्याच मालिकेने एक चांगलं काम केलंय. 1990 च्या शेवटी आलेल्या एका एपिसोडमध्ये ट्रॉयची शक्ती खरोखरच जाते, आणि सगळा एपिसोड त्यावरच आहे. ती चिडते, घाबरते, सहकाऱ्यांवर ओरडते, आता मी हे काम करूच शकत नाही म्हणून राजीनामा देते. लोक तिला समजावायला येतात तर तिला त्यांच्या मनातलं कळत नाही आणि त्याचाच तिला राग येतो. बघताना मला माझी आई आठवली, मोतीबिंदूच्या आधी तिला सुईत दोरा ओवता येईना तेव्हा ती अशीच आमच्यावर चिडायची. आणि पुढं 1994 मध्ये ही ट्रॉयबाई परीक्षा देऊन कमांडर होते, ती जी काही होते ते मनातलं ओळखता येतं म्हणून नाही, कठीण हुकूम द्यायला शिकते म्हणून. म्हणजे कधीकधी शक्ती मागे पडते कारण माणूस मोठं होतं, आणि ते तर किती छान आहे, फक्त ते दिसलं पाहिजे.

डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेतही असंच एक आहे. त्यातल्या डॉक्टरकडे 1968 पासून एक सोनिक स्क्रूड्रायव्हर होता, आवाजाच्या लहरींवर चालणारं अवजार. आधी त्याने नुसते स्क्रू निघायचे, मग कुलपं उघडायला लागली, मग काहीही व्हायला लागलं. 1982 साली निर्मात्यांना वाटलं की यामुळे सुटका फारच सोपी होतेय, तर त्यांनी काय केलं, ते अवजार पडद्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नष्ट केलं. पोरांना कळलं की आता ते नाही. पुढं कित्येक वर्षांनी ते परत आलं तो भाग वेगळा.

सुपरमॅनचं तर उलटंसुलटं दोन्ही झालंय. 1938 साली तो आला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं, तो फक्त मैलाच्या आठव्या हिश्श्याइतकी लांब उडी मारायचा आणि आगगाडीपेक्षा जोरात पळायचा. मग लेखक देत गेले, देत गेले, उडायला लागला, ग्रह ढकलायला लागला, आणि मग त्याच्यासमोर उभा करायला कुणी उरलंच नाही. 1971 मध्ये एका लेखकाने गोष्टीतच कारण देऊन त्याची शक्ती बरीचशी कमी केली, पण नंतरच्या लेखकांनी ते फार काळ पाळलं नाही आणि तो परत होता तसा झाला. आणि 1999 च्या स्टार वॉर्स सिनेमात जेडाय नावाचे दोन शक्तीवाले योद्धे सुरुवातीला वाऱ्यासारखे पळून यंत्रमानवांपासून सुटतात, पण शेवटी गुरू एकटा लढत असताना शिष्य मात्र साध्या माणसासारखा धावत येतो आणि मधलं दार बंद होतं. त्या वेळी ती चाल कुठं होती? एकदा पोरांच्या लक्षात आलं की त्यांना तो मृत्यू खरा वाटत नाही, त्यांना वाटतं लेखकाने मारला.

हे सगळं परदेशातलं झालं. पण मला सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? माझी आजी पारोळ्याकडची, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती गोष्ट सांगायची तेव्हा राक्षसाचा जीव पोपटात असेल तर तो शेवटपर्यंत पोपटातच असायचा, रात्री झोपेत सांगितलं तरी ती तो पोपट विसरायची नाही. आणि महाभारत सांगायची तेव्हा तर हिशोब असा चोख की बस. कर्णाने कवचकुंडलं दिली, बदल्यात इंद्राने शक्ती दिली पण एकदाच वापरता येईल अशी, ती त्याने अर्जुनासाठी जपून ठेवली, आणि चौदाव्या दिवशी रात्री घटोत्कच सैन्य चिरडायला लागला म्हणून त्याला ती तिथंच टाकावी लागली. परशुरामाने शाप दिला होता की ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही, तर ते ऐन वेळीच आठवत नाही, आधी नाही नंतर नाही. आपल्या मागच्या पिढ्यांनी पॉवर कुठून आली, किती वेळा वापरली, कशी गेली याचा हिशोब ठेवूनच गोष्टी ऐकल्यात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आजी फार कमी वेळा सांगायची, सांगताना तिचा आवाज उतरायचा. मौसलपर्वातली. कृष्ण गेलाय, अर्जुन द्वारकेतल्या बायापोरांना घेऊन निघालाय, वाटेत आभीर लुटारू काठ्या घेऊन तुटून पडतात. अर्जुन गांडीव उचलतो तर त्याला दोरी चढवायलाच जड जातं. कशीबशी चढवतो, अस्त्रं आठवायला जातो तर एकही आठवत नाही. ज्या भात्यातले बाण कधी संपायचे नाहीत ते संपतात, आणि शेवटी तो धनुष्याच्या टोकाने मारत राहतो आणि त्याच्यासमोर लोक ओढून नेले जातात. नंतर व्यास त्याला सांगतात की त्या अस्त्रांचं काम आता संपलं. आपल्या अहिराणीचं नाव अहिर म्हणजे या आभीरांवरूनच आलं असं मानतात, त्यामुळे हा भाग ऐकताना आम्हा पोरांना कसंतरीच व्हायचं, लुटणाऱ्यांच्या बाजूचे आपणच की काय असं. पण मुद्दा असा की जगातला सगळ्यात मोठा धनुर्धर, त्याची पॉवर गेली, आणि ती कशी गेली, आधी दोरी, मग अस्त्रं, मग बाण, हे पायरी पायरीने लिहिलंय. कुणी ते गुपचूप वगळलं नाही. आणि ते इतकं लागतं की मला आठ वर्षांची असताना ऐकलेलं अजून जसंच्या तसं आठवतंय.

बरं, आता मी वर्गात काय केलं ते सांगते. त्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं. ध्वनीच्या पाठात आपण शिकवतो की माणसाला 20 ते 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मी मोबाइलवर एक टोन वाजवणारं ॲप घेतलं, खिडक्या लावल्या, पंखे बंद केले आणि पोरांना म्हटलं ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा. आठ हजाराला सगळ्यांचे हात वर, माझाही. बारा हजाराला बारीक शिट्टी, मलाही येत होती. चौदा हजाराला मला नक्की सांगता येईना की ऐकू येतंय की भास आहे. सोळा हजाराला माझ्यासाठी शांतता. पूर्ण शांतता, आणि समोर अडतीस पोरांचे हात वर. काहींनी तर कान दाबून धरले, मॅडम बंद करा त्रास होतोय. मी फोनकडे बघतेय की चालू आहे का. आमच्या शाळेतले शिपाई काका, रिटायरमेंटला आलेत, त्यांना बोलावलं तर ते दहा हजाराच्या आधीच थांबले.

तेव्हा मी पोरांना म्हटलं, तुमच्याकडे आत्ता जी पॉवर आहे ती माझ्याकडे पण होती, आणि ती गेली, कोणत्या वर्षी गेली, कोणत्या दिवशी शेवटचं ऐकलं मला काहीच माहीत नाही. तुमची पण जाईल. वर्ग असा गप्प झाला की विचारू नका. आणि मग तीच पोरगी म्हणाली, "मॅडम, मग त्या पोराचं पण तसंच झालं असेल ना? तो मोठा होत असेल. पण मग त्यांनी ते लिहिलं का नाही?"

बस, हेच विचारायला हे पत्र आहे. लिहिलं का नाही?

कारण विज्ञानकथा लिहिणाऱ्याला कारणांचा तोटा नाहीये हो. बाकीच्यांना शाप, वरदान शोधावं लागतं, तुम्हाला तर विज्ञानाने कोठार भरून दिलंय. नुसत्या कानाचंच घ्या. आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो, त्यात साधारण 15 हजार केसपेशी असतात, त्या हलल्या की आवाज कळतो. बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या पेशी त्या शंखाच्या तोंडाशीच असतात आणि त्याच आधी खराब होतात, वयाने आणि मोठ्या आवाजाने. माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. आता आमच्याकडं लग्नसराईत डीजे कसा वाजतो ते खान्देशात एकदा एप्रिल-मेमध्ये येऊन बघा, छाती हलते, पत्रे थरथरतात. ज्या पोराला किलोमीटरवरचं कुजबुजणं ऐकू येतं त्याच्या सख्ख्या मावशीचं लग्न आहे आणि वरातीसमोर डीजे लागलाय. त्याने काय करायचं? लग्न सोडून पळायचं की कान गमवायचे? हा एक पूर्ण भाग आहे, आणि त्या भागानंतर जीप दाराशी आली आणि त्याला ऐकू आली नाही तर माझा वर्ग रडेल, वि लिहिणार नाही. आणि गंमत ऐका, कोंबडीच्या कानातल्या केसपेशी परत येतात, पक्ष्यांमध्ये येतात. हे मी सांगितलं तर एका पोराने तिथंच पुढची गोष्ट रचली की डॉक्टर त्याला कोंबडीवरून औषध काढून देतील. दोन मिनिटांत रचली हो.

किंवा अर्धायु घ्या. आयोडीन-131 नावाचं किरणोत्सारी द्रव्य थायरॉइडच्या उपचारात वापरतात, ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं. समजा त्या पोराची शक्ती तशीच आहे. पहिल्या दिवशी किलोमीटर, आठ दिवसांनी पाचशे मीटर, सोळाव्या दिवशी अडीचशे, चोविसाव्या दिवशी सव्वाशे, आणि 80 दिवसांनी मीटरभर सुद्धा नाही. पोरं वहीत आकडे मांडून ठेवतील आणि तुमच्या आधी त्यांना कळेल की विहिरीतलं पोर ऐकू यायचं असेल तर आजच ऐकू येईल, पुढच्या आठवड्यात उशीर झालेला असेल. गोष्टीला आपोआप घड्याळ लागतं. नाकाचं म्हणाल तर आपण मिरची कांडप गिरणीत शिरलो की पहिली दोन मिनिटं नाक जळतं आणि मग तो वासच जाणवेनासा होतो, नाकाला सवय होते, म्हणजे तीक्ष्ण नाकाच्या हिरोला एकाच ठिकाणी फार वेळ थांबून चालणार नाही. अंतराळवीर दिवसातले दोनेक तास व्यायाम करतात तरी हाडं झिजतात, कारण वजन पेलायची गरजच राहत नाही. न वापरलेली शक्ती जाते हे शरीरालाच माहीत आहे.

आमच्या पोरांना तर मर्यादा शिकवावी लागतच नाही. त्यांच्या घरी शेतातल्या मोटरीची लाइट आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री असते, थ्री फेज कधी येणार, किती तास राहणार, हे सहावीतल्या पोराला पाठ असतं, बापाबरोबर रात्री बारा वाजता ते बॅटरी घेऊन केळीत पाणी बघायला गेलेलं असतं. पॉवर मोजून मिळते आणि वेळेवर जाते हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याला राग येतो तो न सांगता गेल्याचा.

आणि नियम सांगितला की पोरं खूश होतात, नाराज नाही होत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मिस्टर इंडिया 1987 चा, पोरांच्या आईबापांच्या लहानपणीचा, पण टीव्हीवर लागला की पोरं अजून बघतात आणि लाल प्रकाशात तो दिसतो हे दुसऱ्या दिवशी वर्गात एकमेकांना सांगतात, लाल जिलेटीनचे कागद घेऊन येतात. कोई मिल गया मधला जादू, त्याला शक्ती उन्हातून मिळते आणि ढग आले की तो गळून जातो. एक पोरगा मला म्हणाला, मॅडम तो आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात उतरला असता तर पंचेचाळीस डिग्रीत किती ताकदवान झाला असता, आणि मग त्यांच्यात वाद लागला की मग पावसाळ्यात काय, आणि रात्री काय. एका नियमावर तासभर चालू होतं. पॉवर आणि तिची अट दोन्ही हातात दिली की पोरं स्वतः लेखक होतात.

2024 च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारी अमळनेरला साहित्य संमेलन झालं, मी दोन दिवस गेले होते आणि पुस्तकांच्या गाळ्यांवर सातवीच्या पोरांना वाचून दाखवता येईल अशी नवीन विज्ञानकथा शोधत फिरले. जुनी पुस्तकं मिळाली, चांगली मिळाली. नवीन फारच थोडी. म्हणून तर तुमच्यावर एवढा जीव आहे. ज्या भाषेत 1974 साली नारळीकर सरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप असं दुसरं नाव लावून कृष्णविवर ही कथा पाठवली आणि पहिला नंबर काढला, ज्या भाषेने 2021 साली नाशिकला त्याच सरांना संमेलनाध्यक्ष केलं, त्या भाषेत विज्ञानकथेचा हिशोब कच्चा असावा हे मला पटत नाही. सर 2025 च्या मे मध्ये गेले, आता हे काम तुमच्याकडेच आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. क्रमशः लिहायला घेताना हिरोला जे जे देताय ते एका कागदावर लिहून भिंतीला लावा, कुठून आलं, काय केलं की चालतं, काय केलं की चालत नाही. संपादकांनी तो कागद मागून घ्यावा, आणि लेखक बदलला तर नव्या लेखकाच्या हातात तो द्यावा. शक्ती अडचणीची वाटायला लागली तर जरूर काढा, निम्मी करा, मोडा, त्या पोराला मोठं होऊ द्या, पण ज्या दिवशी ती जाते तो दिवस लिहा. त्याला अंगणात उभा करा, त्याला कळू द्या की पलीकडच्या वाड्यातलं आता येत नाहीये, त्याला आईला विचारू द्या की तू काही बोललीस का. आणि ती कायमची काढायची नसेल तर मग जीप येताना त्याला ऐकू येऊ द्या, आणि ऐकू येऊनही तो का वाचू शकत नाही ते शोधा, ते अवघड आहे मला मान्य आहे, पण तेच तर तुम्हाला येतं आणि आम्हाला येत नाही.

आणि त्या कादंबरीच्या लेखकांनी हे वाचलं तर त्यांना एवढंच की शेवटचा भाग अजून यायचाय. तिच्या वहीत बाराव्या भागाची ओळ आखून तयार आहे, शक्तीच्या रकान्यात तिने 'कान' लिहून ठेवलंय आणि शेजारची चौकट मोकळी सोडलीये. अंक दहा तारखेच्या आसपास चोपड्याच्या स्टँडवरच्या स्टॉलला येतो, त्याच शनिवारी मी तो वाचणार आहे.

आपली,
सातवीच्या वर्गाची विज्ञानाची मॅडम,
ता. चोपडा, जि. जळगाव